आमेन परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी साहेब,
न्यास मिळकत हरकत कक्ष,
बीड.

अर्जदार : श्रीमती साखराबाई शमुवेल भिंगारदिवे, वय सत्तरीच्या पुढे, धंदा पूर्वी ऊसतोड, आता काही नाही, रा. मौजे निमदरा, ता. आष्टी, जि. बीड.

गैरअर्जदार : श्री. सॅमसन ऊर्फ पप्पू, खजिनदार, निमदरा ख्रिस्ती मंडळी. नात्याने अर्जदाराचा भाचा.

विषय : मंडळीच्या दफनभूमीची मोकळी बाजू विकण्याच्या ठरावास अर्जदाराच्या तोंडून गेलेला 'आमेन' तिला परत मिळणे व सदर विक्री थांबवणेबाबत.

संदर्भ : हरकती मागवणारी वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस (कात्रण सोबत जोडले आहे).

महोदय,

अर्जदारास लिहिता येत नाही. ती सांगते तसे हे म्हणणे आष्टीच्या कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस लिहून घेत आहे. अर्ज एका पानात बसवावा, साहेबांना वेळ नसतो, असे त्याने तिला दोनदा सुचवले. तिने दोन्ही वेळा मान डोलावली आणि पुढे सांगत राहिली. तरी मजकूर लांबला आहे, त्याबद्दल आधीच माफी असावी.

१. निमदऱ्यात ख्रिस्ती घरे तीसेक आहेत. आळीच्या टोकाला त्यांचे देऊळ आहे. चर्चला जुनी माणसे देऊळच म्हणतात, त्यामुळे नोटिशीतला 'प्रार्थनास्थळालगतची विनावापर पडीक जागा' हा मजकूर कुणीतरी वाचून दाखवला तेव्हा तो आपल्याच देवळामागच्या दफनभूमीचा आहे, हे अर्जदारास कळलेच नाही. मंडळीचे पाळकसाहेब चार गावे सांभाळतात आणि निमदऱ्यास महिन्यातून एका रविवारी येतात. उरलेल्या रविवारी प्रार्थना चालवणे, अर्पणाची थैली फिरवणे आणि आलेला पैसा सांभाळणे ही तिन्ही कामे खजिनदार सॅमसन ऊर्फ पप्पू हाच करतो. तिन्ही कामे एकाच माणसाकडे कशी, असे अर्ज लिहिणाऱ्याने विचारले. अर्जदार म्हणाली, "त्याला येतंय म्हनून." मंडळीत यापेक्षा जास्त चौकशी आजवर कुणी केलेली नाही, आणि या अर्जाचे मूळ तिथेच आहे.

२. सदर पप्पू हा अर्जदाराच्या नणंदेचा मुलगा. नणंद गेली तेव्हा तो रांगत होता. त्याला अर्जदाराने वाढवले, स्वतःच्या मुलाच्या ताटात जेवू घातले आणि प्रार्थना करायलाही तिनेच शिकवले. "हात जोडायचे, डोळे मिटायचे, मधी बघायचं न्हाई. डोळं उघडलं की ती प्रार्थना न्हाई, निस्तं बोलनं," असे ती त्याला सांगे. पोरगा मुलखाचा द्वाड. एक डोळा किलकिला करून बघायचाच. मग ती त्याच्या कपाळावर टिचकी मारायची आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायची. हे सर्व या अर्जात कशाला, असे साहेबांना वाटेल. अर्ज लिहिणाऱ्यालाही वाटले होते. ते पुढे कलम ७ मध्ये कामास येते.

आज त्याच पप्पूची प्रार्थना ऐकायला आसपासची माणसे येतात. तो बोलू लागला की दगडाला पाझर फुटावा. बाया पदर डोळ्याला लावतात. अर्जदारास त्याचा अभिमान होता आणि तसे ती चारचौघांत सांगायची. हे ती स्वतःहून लिहायला सांगते.

३. दिवाळी झाली की निमदऱ्यातील धडधाकट माणूस ऊसतोडीला जातो आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप बंद झाले, की उन्हाळ्यात परत येतो. तोवर गावात म्हातारी माणसे, शाळेतली पोरे आणि कुत्री. निघायच्या सकाळी सगळे देवळात जमतात. ज्याने त्याने आपला कोयता पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून वेदीच्या पायरीशी ठेवायचा आणि त्यावर प्रार्थना व्हायची, असा आळीचा जुना रिवाज आहे. त्याला 'कोयत्यांची भक्ती' म्हणतात. हिंदू आळीतलेही दोघे-तिघे आपले कोयते आणून ठेवतात. देव ज्याचा त्याचा ओळखून घेईल, असे म्हणतात.

यंदाही ती भक्ती झाली. बाहेर ट्रॅक्टर चालू होता, त्यावर भांडी, गोधड्या, शेळ्या चढल्या होत्या. आत अर्जदाराचा मुलगा बजरंग व सून करिष्मा तिच्या दोन्ही बाजूंना उभे होते. पाळकसाहेबही आले होते, पण प्रार्थना पप्पूनेच सुरू केली. अर्जदारास ती पाठ आहे, ती अशी :

"हे स्वर्गीय बापा, ट्रॅक्टरच्या चाकाला तूच सांभाळ." सर्व म्हणाले, आमेन.

"उसाच्या पाचटात इच्चू-काटा असंल, त्यापासनं लेकरांना राख." आमेन.

"मागं ऱ्हायलेल्या म्हाताऱ्यांची काळजी घे." आमेन.

"बापा, हितं आमची जी जागा मोकळी पडली हाय, तिचं तुझ्या या सेवकाच्या हातून सोनं होऊ दे, आनि त्यासाठी लागंल तो अधिकार त्याला दे." आमेन.

"आनि पट्टा पडला की सगळ्यांना सुखरूप माघारी आन." आमेन.

साहेब, आमेन म्हणजे 'तसेच होवो'. आपल्याकडच्या तथास्तुसारखे असावे, असे अर्ज लिहिणाऱ्यास वाटले होते. अर्जदाराने दुरुस्ती केली, की तथास्तु देव म्हणतो आणि आमेन माणसाने म्हणायचे असते.

चौथ्या वाक्याला अर्जदारास संशय आला नाही. मोकळी पडलेली जागा म्हणजे ही कुलूप लागणारी घरे, असे तिला वाटले. दरवर्षी आळी ओस पडते ते तिला सोसत नाही. त्या घरांचे सोने होवो, पोरांना पुन्हा जावे न लागो, असे मनात येऊन तिने तो आमेन सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हटला. तिचा आवाज मुळात खणखणीत. फडात दोन फर्लांगावरच्या माणसाला ती हाक मारायची.

४. त्यानंतर काही दिवसांनी अर्जदार दफनभूमीत शेळ्या हाकलायला गेली असता तिथे दोन अनोळखी इसम टेप धरून उभे होते आणि जमिनीवर पांढरी फक्की ओढलेली होती. नव्या मोठ्या रस्त्याच्या बाजूची अर्धी जागा फक्कीच्या पलीकडे गेली होती. तिने पप्पूला बोलावून विचारले, "पप्पू, ही रेघ कावून वडली?" तो हसून म्हणाला, "मामी, जागा इकायची ठरली ना आपली. तुमीच तर आमेन म्हनल्या. लई मोठ्यानं म्हनल्या."

अर्जदार सांगते की तिला त्या वेळी तोंडात मारल्यासारखे झाले आणि ती फक्कीवरच खाली बसली.

पुढे पाळकसाहेबांनी ठरावाची प्रत मिळवली, ती सोबत आहे. तीत त्या सकाळच्या भक्तीला 'विशेष सर्वसाधारण सभा' म्हटले आहे. 'मोकळ्या जागेच्या विक्रीचे सर्वाधिकार खजिनदारास देण्याचा विषय मांडला असता उपस्थितांनी एकमुखाने व मोठ्याने होकार दिला', असा मजकूर आहे. अनुमोदक म्हणून अर्जदाराचे नाव आहे, कारण होकारात तिचा आवाज सर्वांत वर आला. पप्पूने खिडकीत मोबाईल ठेवून त्या प्रार्थनेचे चित्रीकरण केले होते. पुरावा म्हणून त्याने तेही आपल्या कक्षाला दिले आहे. तेच चित्रीकरण त्याने मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले, तेव्हा ट्रॅक्टरमध्ये बसलेल्या लोकांनी खाली जोडलेल्या हातांची चित्रे पाठवली. ती चित्रे त्याने लेखी संमती म्हणून मोजली आहेत. म्हणजे आमच्या तालुक्यात हात जोडणे आता जपूनच करायला हवे, असे अर्ज लिहिणाऱ्याचे मत झाले आहे.

जागेची किंमत नोटिशीत दिलेली आहे. अर्ज लिहिणाऱ्याने ती दोनदा वाचली. त्या रस्त्याला तेवढ्यात हल्ली पानटपरीची जागा येत नाही. इसाराची रक्कम मंडळीच्या बँकखात्यात आलेली नाही. ती 'प्रभूच्या कामी' लावली असे पप्पू सांगतो. कोणत्या कामी, हे विचारायला प्रभूकडेच जावे लागेल.

५. आता अर्जदाराचे खरे दुखणे. फक्कीची रेघ तिचा मयत पती शमुवेल याच्या कबरीला डाव्या अंगाने चिकटून गेली आहे. शमुवेलला अगदी कडेला पुरले ते जागा नव्हती म्हणून नव्हे. त्यानेच तसे सांगून ठेवले होते. "साखरा, डावीकडं तुझ्यासाठी ठिवतो," हे त्याचे शब्द. सगळ्या जन्मात उसाच्या फडाकडेच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, ती त्याच्या डावीकडे झोपली. उजवीकडे दार असायचे, तिथे तो स्वतः झोपायचा, थंडी आणि कुत्री अडवायला. नोटिशीत त्या डावीकडच्या जागेला 'विनावापर' म्हटले आहे. अर्जदाराचे म्हणणे असे की ती जागा विनावापर नाही, राखलेली आहे. तिथली बाभळीची रोपे ती दर पंधरवड्याला उपटते. सोलापूरकडे, कर्नाटकात, जिथे म्हणून ती तोडीला गेली तिथली जमीन परक्याची होती. आपली म्हणून तिने एवढी एकच जागा धरली. रेघ तशीच राहिली तर शमुवेल देवळाच्या हद्दीत आणि अर्जदार प्लॉटवाल्याच्या हद्दीत, असा हिशेब होतो. हे सांगताना अर्जदार रडली. ते लिहू नका म्हणाली, पण लिहिले आहे.

६. अर्जदाराने हातपाय हलवले नाहीत असे नाही. पाळकसाहेबांकडे ती तीनदा गेली. ते भले गृहस्थ आहेत. ठराव त्यांनीच मिळवून दिला. पण "साखराबाई, देवाच्या नावानं म्हटलेलं मी कोणत्या पेनानं खोडू? माझेही डोळे मिटलेलेच होते," असे म्हणून त्यांनी हात टेकले.

मुलगा बजरंग यास फोन लावला असता तो फडात होता. "आई, मोळी डोक्यावर हाय, मागून बोलतो," म्हणाला. मागून बोलला तेव्हा, पट्टा पडला की बघू, म्हणाला. पट्टा पडायला उन्हाळा उजाडेल. हरकतीची मुदत तर या महिन्याअखेर संपते. दफनभूमीच्या विक्रीला हरकत घेऊ शकणारी जवळपास सगळी माणसे आज दुसऱ्याच्या उसात उभी आहेत, आणि मुदत नेमकी आताच आहे. हा योगायोग असेलही. तरी बजरंगाने मोबाईलवरून आपली हरकत पाठवली. ती नामंजूर झाली. मंडळीच्या यादीत त्याचे बाप्तिस्म्याचे नाव बार्नबा आहे आणि आधारकार्डावर बजरंग. तो शनिवारी जन्मला म्हणून शमुवेलच्या आईने बजरंग ठेवले, ती ख्रिस्ती झाली तरी शनिवार विसरली नाही. आता बार्नबाने हरकत घ्यावी तर त्याच्याकडे आधारकार्ड नाही आणि बजरंगाने घ्यावी तर तो मंडळीचा सभासद नाही.

अर्जदार स्वतः आपल्या कक्षात येऊन गेली. तिथल्या भाऊसाहेबांनी कागद पाहून विचारले, "अनुमोदक तुम्हीच आणि हरकतही तुमचीच? अनुमोदन देताना झोपला होता काय?" अर्जदार म्हणाली, "झोपले नव्हते, डोळे मिटले होते." त्यावर, तसे लेखी आणा, असे त्यांनी सांगितले. आमेन म्हटला होता की नव्हता, एवढेच ठळक लिहा, असेही म्हणाले. म्हणून येथे लिहिले आहे, की म्हटला होता. खोटे बोलून जागा वाचवायची अर्जदाराची तयारी नाही. तिला सांगून पाहिले.

शेवटचा उपाय म्हणून मागल्या रविवारी अर्जदार भक्ती चालू असता उठून उभी राहिली आणि सर्वांसमक्ष म्हणाली, "माझा आमेन मी माघारी घेते." देवळात त्या वेळी सहा म्हातारी माणसे आणि काही पोरे होती. सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे पाहिले. अर्जदारास वाटले, काम झाले. तेवढ्यात पप्पूने हात वर केले आणि गहिवरून म्हणाला, "हे बापा, आमच्या मामीच्या अशांत मनाला शांती दे, आनि जे ठरलंय ते निर्विघ्न पार पाड." सगळे म्हणाले, आमेन. साहेब, अर्जदारही म्हणाली. साठ वर्षांची सवय. जिभेने काम करून टाकले, मग डोक्याला कळले. पप्पूचा मोबाईल खिडकीत होताच. म्हणजे आता त्याच्याकडे अर्जदाराचे दोन आमेन झाले.

७. पहिले चित्रीकरण पाळकसाहेबांनी अर्ज लिहिणाऱ्याच्या मोबाईलवर पाठवले. ते अर्जदारास येथेच, कचेरीच्या कट्ट्यावर दाखवले. तिने ते आधी पाहिलेले नव्हते. त्यात सर्वांचे डोळे मिटलेले आहेत, हिंदू आळीतल्यांचेसुद्धा. फक्त एकाचे उघडे आहेत. प्रार्थना करणारा पप्पू कोयत्यांकडे नाही, वर नाही, सरळ माणसांकडे बघतो आहे. चौथ्या वाक्याला तो अर्जदाराकडे बघतो आणि तिचा आमेन आला की पुढे सरकतो. अर्जदाराने ते थांबवून पुन्हा लावायला सांगितले. मग "तवा पन असाच बघायचा," एवढेच म्हणाली.

तेव्हा अर्जदाराचे कायदेशीर म्हणणे असे आहे. डोळे उघडे ठेवून केलेली ती प्रार्थना नव्हती, नुसते बोलणे होते. जिथे प्रार्थना नाही तिथे आमेन लागू होत नाही. आणि ती प्रार्थनाच होती असे पप्पूचे म्हणणे असेल, तर अधिकार देवाकडे मागितला होता, अर्जदाराकडे नव्हे. देवाची तशी मंजुरी आली असल्यास पप्पूने ती कागदावर हजर करावी. कोणत्याही बाजूने पाहता सदर आमेन ठरावाला चिकटत नाही. अर्ज लिहिणाऱ्याला यात खोट सापडली नाही. कक्षाच्या नियमात हे बसेल की नाही याची मात्र त्याला शाश्वती नाही, आणि तसे त्याने बाईंना सांगितले आहे.

८. सबब विनंती की, विक्रीस परवानगी देऊ नये आणि पट्टा पडून माणसे परत आल्यावरच मंडळीची सभा घेण्याचा हुकूम व्हावा. ठराव मांडताना तो ठराव आहे असे आधी सांगावे आणि सर्वांचे डोळे उघडे असावेत. प्रार्थनेत जागा, पैसा व अधिकार यांचा उल्लेख आल्यास त्यावरचा आमेन मतदानात धरू नये. अर्पण गोळा करणारा आणि ते ठेवणारा माणूस एक नसावा. पप्पूला तुरुंगात घालावे अशी अर्जदाराची मागणी नाही. ती लिहायची का, असे विचारले असता तिने अर्ज लिहिणाऱ्याकडे असे पाहिले की त्याने पुढचे वाक्य सुरू केले.

यांपैकी काहीच होणे शक्य नसल्यास फक्कीची रेघ शमुवेलच्या कबरीपासून एक माणूस निजेल एवढी तरी पलीकडे सरकवावी. अर्जदार अंगाने बारीक आहे.

९. आणखी एक बाब. ही आपल्या अधिकारात येते की नाही ठाऊक नाही, तरी लिहा म्हणते. मागल्या रविवारपासून अर्जदाराला प्रार्थनेत डोळे मिटवत नाहीत. मिटले की वाटते, कुणीतरी बघतेय आणि तोंडातून निघेल ते लिहून घेतेय. घरी एकटी असली तरी तसेच. बजरंग आणि करिष्मा यांच्यासाठी ती रोज प्रार्थना करते, विंचू, चाक, मोळी, सगळे नाव घेऊन. पण डोळे उघडेच राहतात आणि शेवटचा शब्द म्हणवत नाही. डोळे उघडे असले की ती प्रार्थना नाही, हे तिनेच पोराला शिकवले होते. त्या हिशेबाने तिकडे फडात तिच्या लेकरांसाठी आता कुणीच प्रार्थना करत नाही.

म्हणून जागेचा निकाल काहीही लागो, अर्जदाराचा आमेन ठरावातून काढून तिला परत मिळावा. तो तिला रोज लागतो.

आपल्या निकालाकडे डोळे लावून बसलेली,

(डाव्या अंगठ्याचा ठसा)
साखराबाई शमुवेल भिंगारदिवे

स्थळ : आष्टी
दिनांक : २२ डिसेंबर २०२५

सोबत : नोटिशीचे कात्रण. ठरावाची प्रत. चित्रीकरण (पेनड्राइव्हमध्ये). फक्कीच्या रेघेचा फोटो; त्यात डावीकडे जी रिकामी जमीन दिसते, ती अर्जदाराची.

लिहिणार : गहिनीनाथ, अर्जनवीस, आष्टी. वरील सर्व मजकूर अर्जदारास सावकाश वाचून दाखवला. कबूल आहे काय, असे नियमाप्रमाणे विचारले असता अर्जदाराने मान हलवली. तोंडाने होय म्हणण्यास तिने नकार दिला.